जुन्या मोटारीत दुसरे इंजिन : मिस्त्री बांधवांनी होकार कधी द्यावा, नकार कधी द्यावा?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात इंजिन बदलणे ही नवलाईची गोष्ट नाही. जून-जुलैत मासेमारी बंद झाली आणि नौका किनाऱ्याला लागल्या की चेनकप्पीला टांगलेली इंजिने जागोजागी दिसतात. ट्रकसाठी बनलेले इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड करण्याची सोय लावून नौकेत बसवणे, एका नौकेचे इंजिन दुसरीत घालणे, ही कामे आपले मिस्त्री वर्षानुवर्षे करीत आले आहेत. नौकेच्या मालकाचा प्रश्न एकच असतो : भर मोसमात दगा तर देणार नाही ना? इंजिन मूळचे की बदललेले, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

मोटारीच्या बाबतीत मात्र प्रश्न इतका सोपा नाही. मागील भेटीत आम्ही बंदराजवळच्या एका वयस्क मिस्त्रींच्या शेडमध्ये बसलो होतो. त्यांच्याकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी आली होती. मालक तरुण, आखातात नोकरीला. गाडी त्याच्या मरहूम वालिदांची. तो म्हणाला, "चाचा, आंबा घाटात गाडी दम टाकते. हिच्यात एखादे डिझेल इंजिन बसवून द्या, पैशाची फिकीर करू नका." मिस्त्री हसून म्हणाले, "बसवायला किती वेळ लागतो बाबा! पण उद्या तुझा मुलगा विचारील, दादांची गाडी कुठली, तेव्हा काय दाखवशील? नुसता पत्रा?"

त्या प्रश्नात या धंद्याचा सारा वाद सामावला आहे. जुन्या मोटारींचा शौक आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. ही कामे आपल्या कारागिरांकडे येऊ लागली आहेत. तेव्हा काम घेण्यापूर्वी शौकिनांची मते काय आहेत, कायदा काय म्हणतो आणि हिशेब कसा बसतो, हे समजून घेणे जरूर आहे.

शौकिनांचे तीन पक्ष

पहिला पक्ष मूळ रूपाचा आग्रह धरणारा. गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच असावी, असे हे लोक मानतात. इंजिनवरचा नंबर आणि नोंदणी पुस्तकातला नंबर जुळला पाहिजे, रंग त्या काळचा पाहिजे, कार्ब्युरेटरसुद्धा त्याच जातीचा पाहिजे. त्यांच्या दृष्टीने इंजिन बदललेली गाडी म्हणजे हस्ताक्षर खोडलेला दस्तऐवज. दाम मोजणारा गिऱ्हाईक बहुधा याच पक्षात सापडतो.

दुसरा पक्ष म्हणतो, गाडी चालण्यासाठी आहे, झाकून ठेवण्यासाठी नाही. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन आजच्या रस्त्यावर कमी पडते. सुटा भाग मिळत नाही, म्हणून गाडी वर्षभर उभी राहते आणि उभ्या उभ्या गंजते. त्यापेक्षा दुसरे इंजिन घालून ती रस्त्यावर ठेवली तर काय बिघडले? या म्हणण्यातही तथ्य आहे. एके काळी अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये मॅटॅडोरचे डिझेल इंजिन आणि जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची चाल होती ती याच गरजेतून. डिझेल स्वस्त होते आणि पोट गाडीवर होते. तसे करणाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांनी इंजिन बदलले नसते तर त्यांतल्या कित्येक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या असत्या.

तिसरा पक्ष मधला. तो म्हणतो, बदल करा, पण परत फिरवता येईल असा करा. पत्रा कापू नका, भोके पाडू नका, उतरवलेले सामान जपून ठेवा. उद्या कोणाला गाडी मूळ रूपात आणावीशी वाटली तर ती आणता आली पाहिजे. आमचे मत या तिसऱ्या पक्षाकडे झुकते. त्याचे कारण पुढे येईल.

कंपन्यांनी स्वतः काय केले?

दुसऱ्या पक्षाचे लोक एक बिनतोड दाखला देतात : आपल्या देशातल्या मोटार कंपन्यांनीच जुन्या गाड्यांत परकी इंजिने बसवली. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा १९८४ मध्ये आली. तिचा सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा, तर इंजिन अ‍ॅम्बॅसॅडरचेच १४८९ सीसीचे. एवढ्या जड गाडीला ते पुरेना, म्हणून पुढे जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले. तेच इंजिन १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस अ‍ॅम्बॅसॅडरलाही मिळाले. १९८५ मध्ये आलेल्या प्रीमियर ११८ एनई गाडीचे घराणे फियाट १२४ चे, पण इंजिन निस्सानचे ११७१ सीसी. पद्मिनीचीही १३७ डी नावाची डिझेल आवृत्ती निघाली. तिचे १३६६ सीसीचे इंजिन इटलीच्या एफएनएम कंपनीच्या आराखड्याचे होते. महिंद्राच्या जीपने विलीजचे पेट्रोल इंजिन सोडून १९८०च्या दशकात प्युजोचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन घेतले.

मग आम्ही केले तर गुन्हा काय, असा त्यांचा सवाल असतो. उत्तर असे की कंपनीने नुसते इंजिन बदलले नाही. इसुझू इंजिनाबरोबर पाच गिअरचा बॉक्स आला. क्लच, माउंटिंग, रेडिएटर, एक्झॉस्ट या साऱ्यांचा मेळ घालावा लागला आणि मग त्या गाडीची चाचणी होऊन तिला सरकारी मंजुरी मिळाली. कंपनीचा दाखला द्यायचा असेल तर कंपनीइतकी मेहनतही घेतली पाहिजे.

ब्रिटनमध्ये या वादावर व्यवहारी तोडगा काढलेला दिसतो. तेथे २० मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, मात्र मागील ३० वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नसावा. त्या मॉडेलसाठी कंपनीनेच दिलेले पर्यायी इंजिन बसवले तर तो मोठा बदल धरत नाहीत. हीच कसोटी आपल्या मिस्त्रींनाही उपयोगी आहे. इंजिन बदलणे अटळच असेल तर आधी त्याच घराण्यातले इंजिन शोधावे.

नौकेचा हात आणि मोटारीचे काम

बंदरावर तयार झालेल्या मिस्त्रीचा हात इंजिनावर पक्का बसलेला असतो. तरीही नौकेची सवय मोटारीत जशीच्या तशी चालत नाही. फरक नीट ध्यानात घ्यावेत.

पहिला फरक थंडाव्याचा. नौकेला समुद्राचे पाणी मुबलक मिळते. मोटारीला रेडिएटर, पंखा आणि समोरून येणारा वारा यांवर भागवावे लागते. घाटात गाडी हळू चालते तेव्हा वारा नसतो आणि इंजिनावर भार मात्र सर्वांत जास्त असतो. मोठे इंजिन म्हणजे जास्त उष्णता. जुन्या रेडिएटरवर ते निभत नाही.

दुसरा फरक चालीचा. नौकेचे इंजिन तासन्‌तास एकाच वेगावर चालते. मोटारीचे इंजिन क्षणाक्षणाला चढते-उतरते. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देते, पेट्रोल इंजिन जास्त फेऱ्यांवर. पेट्रोलसाठी केलेले मागचे डिफरन्शियल तसेच ठेवून डिझेल बसवले तर गाडी चढ चढते, पण सपाट रस्त्यावर इंजिन ओरडत राहते.

तिसरा फरक वजनाचा. नौकेत वजन वाढले तर जागा सरकवून तोल सांभाळता येतो. मोटारीत डिझेल इंजिनाचे जादा वजन सरळ पुढच्या चाकांवर येते. पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंगा आहेत, अ‍ॅम्बॅसॅडरला टॉर्शन बार. दोन्ही मूळ वजनासाठी केलेले. पुढचा भाग बसला की स्टिअरिंग जड होते आणि टायर एका कडेने झिजतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. या जुन्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. इंजिनाची ताकद दीडपट करून ब्रेक तेच ठेवणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ आहे.

चौथा फरक सांगाड्याचा. जीपला खाली स्वतंत्र चासी असते, तिच्यावर नवी माउंटिंग बोल्टने बसवता येतात. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसॅडर या गाड्यांना तशी वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. इंजिन बसावे म्हणून त्यांचा आडवा पत्रा किंवा बोगदा कापला तर साऱ्या गाडीची ताकद जाते. जीपची सवय असलेले मिस्त्री नेमकी येथे चूक करतात.

एक गोष्ट मात्र बंदरावरच्या कारागिराला दुसऱ्या कोणापेक्षा चांगली कळते, ती म्हणजे शाफ्टची सरळ रेषा. नौकेत इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट यांत सुताएवढा फरक राहिला तरी सारी नौका थरथरते. मोटारीत इंजिन व गिअरबॉक्स जोडणारी प्लेट लेथवर करताना हेच लागू आहे. मध्य चुकला की क्लच आणि बेअरिंग दोन्ही लवकर जातात.

कायदा : परवानगी आधी, पाना नंतर

नौकेपेक्षा मोटारीचा कायदा वेगळा आणि कडक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हेच ठामपणे सांगितले. गाडी सीएनजी, बॅटरी वगैरे दुसऱ्या इंधनावर चालवण्यासाठी संच बसवायला वाट ठेवलेली आहे, पण तीही ठरवून दिलेल्या अटींवर. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२ अ आले. त्याप्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणून इंजिन बदलायचे तर आधी आरटीओकडे लेखी अर्ज, मग मंजुरी, मग काम, आणि शेवटी नोंदणीत नव्या इंजिन नंबराची नोंद. हा क्रम उलटवू नये. विमा कंपनीलाही कळवावे. न कळवलेल्या बदलावरून अपघाताचा दावा अडकू शकतो. अशा वेळी मालक प्रथम मिस्त्रीच्याच दारात उभा राहतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी या नोंदणीस पात्र ठरते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नोंदणी फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि पुढील नोंदणीस ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापरास किंवा भाड्यास चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणता येते.

आता हिशेब पाहा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटला 'पद्मिनी' हे नाव १९७४ मध्ये मिळाले. त्या वर्षाच्या गाड्यांनी २०२४ मध्ये ५० वर्षे पुरी केली. म्हणजे दर वर्षी आणखी काही पद्मिनी, अ‍ॅम्बॅसॅडर आणि जीपगाड्या या मानाच्या रांगेत येत आहेत. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली, तेव्हापासून या गाडीबद्दल लोकांची माया वाढलीच आहे. ज्या गाडीला ५० वर्षे भरायला तीन-चार वर्षे उरली आहेत, तिचे इंजिन आज बदलून आपण मालकाचा तो हक्क घालवतो. त्याला हे माहीत नसेल तर सांगणे आपले काम आहे.

उतरवलेले इंजिन ही अमानत

पुष्कळ वर्कशॉपांत इंजिन बदलले की जुने इंजिन कोपऱ्यात पडते आणि सहा महिन्यांनी वजनावर भंगारात जाते. मालकही म्हणतो, "ठेवून काय करू? घेऊन टाका." आमची विनंती आहे की ते घेऊ नये. नंबर जुळणारे मूळ इंजिन बंद पडलेले असले तरी गाडीच्या किमतीचा मोठा भाग असते. त्याला तेल पाजून, तोंडे बंद करून, लाकडी चौकटीवर ठेवून मालकाच्या हवाली करावे आणि पावती घ्यावी. ते इंजिन आपल्याकडे अमानत आहे, मजुरीचा भाग नव्हे.

हीच दक्षता नव्याने येणाऱ्या इंजिनाबाबतही हवी. कुर्ल्याच्या किंवा कुठल्याही भंगार बाजारातून इंजिन घेताना विकणाऱ्याचे बिल, ज्या गाडीतून ते निघाले तिच्या कागदांची नक्कल आणि इंजिनावरचा नंबर तीनदा पडताळावा. नंबर घासलेला असेल तर फुकट मिळाले तरी घेऊ नये. चोरीच्या मालाचा डाग एकदा लागला की वर्षांची कमाई पुसली जाते.

आणि गाडी विकताना बदल लपवू नये. मालातला ऐब सांगूनच माल विकावा, ही आपल्या दीनची शिकवण आहे. इंजिन दुसरे आहे, हे बिलावर लिहून द्यावे. खरे ऐकून एखादा गिऱ्हाईक परत जाईल, पण पुढचे चार गिऱ्हाईक त्या खरेपणामुळेच येतील.

मजुरीचा हिशेब

धंद्याच्या दृष्टीने काय परवडते? रीत समजण्यासाठी आकडे धरून पाहू. समजा, इंजिन बदलण्याची मजुरी २५,००० रुपये ठरली आणि काम १२ दिवसांचे धरले. रोज सुमारे २,०८३ रुपये पडतील असे वाटते. पण जोडप्लेट दोनदा करावी लागली, रेडिएटर बसेना, प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागला, आणि आठ दिवस वाढले. आता रोज १,२५० रुपयेच पडले, आणि त्यातून मदतनिसाची मजुरी जायची आहे. उलट त्याच गाडीचे मूळ इंजिन उघडून नीट बांधण्याची मजुरी समजा १५,००० रुपये, आणि काम ओळखीचे असल्याने आठ दिवसांत पुरे. रोज १,८७५ रुपये पडले, शिवाय आरटीओची कटकट नाही. मोठी मजुरी म्हणजे मोठा नफा नव्हे.

मूळ गाडी जपण्याच्या कामात आपल्या बंदरावरच्या अनेक हातांना वाटा आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक मोटारींच्या बॉडीत आत लाकडी सांगाडा असे. तो बदलायला नौका बांधणाऱ्या सुतारासारखा वाकाचे लाकूडकाम जाणणारा कारागीर लागतो. पत्र्याचे काम, गादीकाम, वायरिंग, क्रोमचा मुलामा, ही सारी कामे वेगवेगळ्या घरांत रोजी नेतात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा खाते, आणि ओलावा धरून टाकी गंजवते. आपल्या दमट कोकणात हे लवकर होते. असे भाग आतून बदलले तर कट्टर शौकीनही हरकत घेत नाहीत. हे काम छोटे, पण नित्याचे आहे. शिवाय नौकेच्या मालकाला इंजिन उद्याच हवे असते, जुन्या गाडीचा मालक महिनाभर थांबतो. मोसमातल्या रिकाम्या दिवसांना ही कामे चांगली पूरक आहेत.

होकारापूर्वी विचारायचे प्रश्न

१. गाडीला पहिल्या नोंदणीपासून किती वर्षे झाली? ५० जवळ आली असतील तर मालकाला व्हिंटेज नियम सांगितला का?
२. मूळ इंजिन खरोखर निकामी आहे का? कॉम्प्रेशन तपासले का?
३. त्याच कंपनीचे, त्याच घराण्याचे इंजिन मिळते का?
४. पत्रा न कापता बसेल का, आणि पुढे परत काढता येईल का?
५. ब्रेक, स्प्रिंग, रेडिएटर यांचा खर्च अंदाजपत्रकात धरला का?
६. आरटीओची लेखी मंजुरी आणि आणलेल्या इंजिनाची कागदपत्रे हातात आहेत का?

यांपैकी चौथ्या, पाचव्या किंवा सहाव्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर नम्रपणे नकार द्यावा. तो नकारसुद्धा कारागिरीचाच भाग आहे.

त्या पद्मिनीचे काय झाले, हे वाचक विचारतील. मिस्त्रींनी इंजिन बदलण्याआधी कॉम्प्रेशन घेतले. चारांपैकी दोन सिलिंडर अशक्त निघाले. रेडिएटर निम्मा बुजलेला होता आणि इग्निशनचे टायमिंग मागे पडले होते. ब्लॉक बोअर करण्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेला, नवे पिस्टन-रिंग पडले, रेडिएटर उघडून साफ झाला, ब्रेकना नवे लायनर लागले. गाडी काही शर्यतीची झाली नाही. पण मालक कुटुंबाला घेऊन आंबा घाट चढून गेला आणि वरून त्याने फोन केला, "चाचा, दुसऱ्या गिअरमध्ये चढली, पाणीसुद्धा उकळले नाही."

पुष्कळदा 'इंजिन कमजोर आहे' या तक्रारीचा अर्थ 'इंजिनाकडे कोणी पाहिले नाही' एवढाच असतो. आधी पाहावे, मग पाना उचलावा. नौकेचे इंजिन बदलण्यात मिरकरवाड्याच्या मिस्त्रींनी नाव कमावले आहेच. जुनी मोटार न बदलता जगवण्यातही ते कमावतील, इन्शाअल्लाह, आणि त्या रोजीत बरकत राहील.